बिघाड दिसला, निदान चुकलं

बालीत बदललेला सेन्सर

२८ ऑक्टोबर २०१८. बाली बेटावरच्या देनपसार विमानतळावर लायन एअरच्या बोइंग ७३७ मॅक्स विमानाचा डावा कोन-सेन्सर बदलला गेला. विमानाच्या नाकाजवळ असणारं हे एक छोटं पातं. समोरून येणारी हवा पंखांना कोणत्या कोनात भिडते आहे, हे ते सांगतं. हा कोन प्रमाणाबाहेर वाढला की पंखांची उचल कोसळते, म्हणून त्याला एवढं महत्त्व. बदली म्हणून बसवलेला सेन्सर दुरुस्त करून आलेला होता आणि तो सुमारे २१ अंशांनी चुकीचा कोन दाखवत होता.

त्याच रात्री विमान जकार्ताला निघालं. जमीन सोडताच डाव्या बाजूचा धोक्याचा इशारा म्हणून पायलटच्या हातातला दांडा थरथरू लागला. डावीकडे आणि उजवीकडे दिसणारा वेग जुळेना, उंचीही जुळेना. एमकॅस नावाची स्वयंचलित यंत्रणा नाक खाली दाबत राहिली. कॉकपिटमध्ये जादा बसलेल्या एका पायलटच्या मदतीने नाक खाली ढकलणारी शेपटीकडची विद्युत मोटर बंद करण्यात आली आणि विमान सुखरूप उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान नव्या पायलटांसह उडालं आणि काही मिनिटांतच जावा समुद्रात कोसळलं. १८९ जण गेले.

विमानाने रात्रीच आरडाओरडा केला होता. म्हणजे बिघाड आहे, हे कळलं होतं. तो कुठे आहे, हे कळलं नव्हतं. नियंत्रण अभियांत्रिकीत या दोन वेगळ्या पायऱ्या मानतात: आधी बिघाड ओळखायचा, मग त्याचं निदान करायचं. दुसरी पायरी फार अवघड असते.

तफावत

ओळखण्याची कल्पना साधी आहे. यंत्राचं गणिती रूप संगणकात चालवायचं, खऱ्या यंत्राला दिलेल्या आज्ञा त्यालाही द्यायच्या आणि दोघांच्या उत्तरांतला फरक सतत मोजायचा. सगळं ठीक असेल तर ही तफावत शून्याच्या आसपास घुटमळते. रिचर्ड बिअर्ड यांनी १९७१ साली एमआयटीतल्या प्रबंधात याच्या पुढचं पाऊल टाकलं. तफावत अशी घडवायची, की वेगवेगळ्या बिघाडांत ती वेगवेगळ्या दिशेला झुकेल. मग दिशेवरूनच दोषी भाग सापडतो.

अडचण उंबरठ्याची असते. सेन्सरमध्ये थोडा गोंगाट असतोच, गणिती रूपही तंतोतंत नसतं. उंबरठा खाली ठेवला तर खोटे इशारे वाजत राहतात आणि माणसं ते बंद करून टाकतात. वर ठेवला तर हळूहळू वाढणारा दोष निसटतो. ई. एस. पेज यांनी १९५४ साली यावर एक झकास तोड काढली: बारीकसारीक फरक सोडून न देता ते बेरजेत धरत जायचे. गोंगाट कधी वर, कधी खाली जातो, त्यामुळे त्याची बेरीज साचत नाही. खरा दोष मात्र एकाच बाजूला ओढत राहतो आणि बेरीज उंबरठा ओलांडते. आजही ही पद्धत वापरात आहे.

लक्षणं अनेक, मूळ एक

जकार्ताला उतरल्यावर पायलटांनी वेग आणि उंची जुळत नसल्याची व दाबाशी संबंधित एक दिवा लागल्याची नोंद केली. दांडा थरथरला, नाक आपोआप खाली गेलं, हे नोंदीत आलं नाही. तंत्रज्ञांनी समोर आलेल्या लक्षणांप्रमाणे डाव्या बाजूची दाबाची यंत्रणा धुतली, एक जोडणी साफ केली. ताप उतरवला, रोग तसाच राहिला.

वेग आणि उंची दाबावरून मोजतात, हे खरं. पण या विमानात दाबाच्या मोजमापाला कोनाची दुरुस्ती लावली जाते. कोन चुकला की वेगही चुकतो, उंचीही चुकते. निदानाचं खरं काम इथे आहे: कोणता दोष कोणती लक्षणं एकत्र घेऊन येतो, याचा तक्ता. समोरून हवा घेणारी नळी तुंबली तर वेग बिघडतो, उंची शाबूत राहते. बाजूचं दाबाचं छिद्र तुंबलं तर दोन्ही बिघडतात, पण दांडा सहसा थरथरत नाही. डावा वेग, डावी उंची आणि डावा दांडा असे तिन्ही एकाच वेळी बिघडले, तर बोट कोन-सेन्सरकडेच जातं. नोंदीतून नेमकी हीच तिसरी खूण गळाली. दोन्ही बाजूंचे कोन जुळत नसल्याचा वेगळा इशारा या विमानात असायला हवा होता, पण सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे तो चालतच नव्हता.

दोघं एकत्र चुकले तर?

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे तीन सेन्सर लावून बहुमत घेणं. एअरबस ए३२० मध्ये तीन असतात. २७ नोव्हेंबर २००८ रोजी फ्रान्समधल्या पर्पिन्याँजवळ अशाच एका विमानाची चाचणी चालू होती. तीन दिवस आधी विमान पाण्याने धुताना सेन्सर झाकलेले नव्हते. दोन सेन्सरांत पाणी शिरलं आणि उंचावर गोठलं. दोघेही एकाच आकड्यापाशी अडकले. संगणकाने त्या दोघांचं ऐकून तिसऱ्याला, म्हणजे एकट्या खऱ्याला, बाहेर काढलं. संथ वेगाची चाचणी घेताना संरक्षक यंत्रणा वेळेवर जागी झाली नाही. सातही जण मेले.

बहुमताचं गणित दोष एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालतं. एकच पाणी दोन्हीत शिरलं की ते गृहीतक गेलं. खरं तर त्या दोन सेन्सरांविरुद्ध पुरावा होता: विमानाचा वेग घटत असताना कोन वाढायलाच हवा, आणि ते मात्र हलत नव्हते. न हलणारा आकडा शांत दिसतो म्हणून निर्दोष ठरवायचा नसतो.

गणितातून निघालेला सेन्सर

म्हणून दुसरी वाट आहे. विमानाचं नाक क्षितिजाशी किती कोन करतं, हे जायरो सांगतो. विमान प्रत्यक्षात किती चढतं वा उतरतं, हे इतर उपकरणं सांगतात. स्थिर हवेत, पंख समतल असताना या दोहोंतली वजाबाकी म्हणजेच हवा पंखांना भिडण्याचा कोन. पातं नाही, गोठायला काही नाही, तरी आणखी एक साक्ष मिळते, तीही वेगळ्या जातीच्या उपकरणांकडून. एकाच कारखान्याचा, एकाच जागी बसवलेला जादा सेन्सर घेण्यापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं.

मॅक्समध्ये मुळात दोन कोन-सेन्सर होते आणि एमकॅस एका वेळी त्यातल्या एकाचंच ऐकत होती. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचं मॅक्स पडलं, आणखी १५७ माणसं गेली, तेव्हा कुठे जगभर ही विमानं जमिनीवर आली. सुधारित सॉफ्टवेअर दोन्ही सेन्सर ताडून पाहतं. पंखांचे फ्लॅप आत असताना फरक ५.५ अंशांहून जास्त झाला तर एमकॅस गप्प बसते. दोघांतला खोटा कोण, हे तिला अजूनही ठरवता येत नाही. तफावत दिसताच हात मागे घेणं एवढंच जमतं. गणितातून काढलेल्या कोनाची जोड द्यावी, असा आग्रह युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने धरला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ती मॅक्स विमानांसाठी सक्तीची केली; मॅक्स १० या प्रकाराला प्रमाणपत्र मिळाल्यानंतर तीन वर्षांत आधीच्या विमानांतही ती बसवायची आहे.