बुरुडाची टोपली आणि आपला बांध

धान्य पाखडण्याचें सूप, शेणखत वाहण्याचें टोपलें, कोंबड्या झांकण्याचें डालें आणि दाणे सांठविण्याची कणगी, हा माल सेलूच्या बाजारांत बुरुडावांचून दुसरा कोणी आणीत नसे. नागपुरी संत्र्यांसहि पूर्वीं बांबूच्याच टोपल्या लागत. सांप्रत त्यांच्या जागीं प्लॅस्टिकचे क्रेट व पुठ्ठ्याचीं खोकीं आलीं आणि टोपल्याचें काम लोखंडी घमेलें करूं लागलें. हा धंदा बुडाला तर नुकसान बुरुडाचें, आपलें काय गेलें, असें पुष्कळ शेतकरी बंधु मानतात. ही समजूत चुकीची आहे, असें आम्हांस वाटतें.

बुरुडाचा धंदा म्हणजे घरचाच कारखाना. बहुधा पुरुष बांबू निवडतो व कोयत्यानें चिरतो, आणि बायका-मुलें त्याच्या कामट्या घेऊन बुडापासून कांठापर्यंत विणीत नेतात. या कामास आपल्या भागांतील मानवेल जातीचा बांबू उत्तम; तो भरीव व चिवट असतो. कोवळी काठी आकसते, फार जुनी चिरतांना तुटते. म्हणून तीन वर्षांची काठी पाहून घ्यावी लागते. भर पावसाळ्यांत तोडलेल्या बांबूस घुण लौकर लागतो. तोडलेली काठी कांहीं दिवस पाण्यांत बुडवून ठेविली, तर किडीचें खाद्य असलेलें पीठ निघून जातें व टोपली अधिक टिकते. हें ज्ञान पिढीजात आहे. एका पिढीचा खंड पडला, तर तें परत मिळविणें कठीण.

अशाच एका विणकर कुटुंबाची अमेरिकेंतील हकीकत ऐकण्यासारखी आहे. ओहायो प्रांतांतील ड्रेस्डेन गांवीं जे. डब्ल्यू. लाँगाबर्गर हा गृहस्थ मेपल लांकडाच्या पट्ट्यांच्या टोपल्या विणीत असे. त्याचा मुलगा डेव्ह यानें १९७३ सालीं त्याच टोपल्यांचा धंदा नव्यानें मांडला. प्रत्येक टोपलीवर विणणाऱ्यानें आपली सही व तारीख घालावयाची, असा तेथें प्रघात होता. लोक त्या टोपल्या हौसेनें जमवूं लागले. विक्री घरोघरच्या बैठकींतून होई. १९९७ सालीं कंपनीनें आपली सात मजली कचेरी हुबेहूब टोपलीच्या आकाराची बांधली आणि २००० सालच्या सुमारास तिची वार्षिक विक्री एक अब्ज डॉलरपर्यंत गेली. पुढें हौस ओसरली, मागणी घटली, आणि २०१८ सालीं त्या कुटुंबाच्या कंपनीचें काम बंद पडलें. नांव तेवढें मागाहून दुसऱ्यांनीं विकत घेऊन चालविलें.

या हकीकतींतून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. कारागिराचें नांव मालावर आलें कीं मालाची किंमत वाढते, ही पहिली. नुसत्या शोभेवर उभा राहिलेला धंदा शोभेबरोबरच जातो, ही दुसरी. आपल्या बुरुडाचें नेमकें उलट आहे. त्याच्या सुपाचा उपयोग रोजचा. परंतु त्यास नांवहि नाहीं आणि भावहि नाहीं. हातच्या धंद्याची प्रतिष्ठा वाढविण्याचा विचार आपल्या जिल्ह्यास नवा नाहीं. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, वर्ध्याची मगनवाडी त्याचें ठाणें झालें, आणि १९३८ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें तेथील मगन संग्रहालय उघडलें.

आतां एक गोष्ट आमच्या नोकरीच्या काळांतील सांगतों. एका शेतकऱ्यानें आपल्या बांधावरील बांबू तोडून गांवच्या बुरुडास देण्याची परवानगी मागितली होती. सातबाऱ्यावर बांबूची नोंद नाहीं, असा शेरा आम्हींच लिहिला आणि अर्ज परत गेला. नोंद होईपर्यंत पावसाळा लागला व तोड राहिली. बुरुडाचें तें कुटुंब मजुरीसाठीं नागपुराकडे गेलें, तें पुन्हा आलें नाहीं. शेरा नियमास धरून होता. तरी गांवांतून एक धंदा उठण्यास आमची लेखणीहि कारण झाली, हें आम्ही विसरलों नाहीं.

ही अडचण आतां बरीच दूर झाली आहे. १९२७ च्या वन कायद्यांत बांबूची गणना झाडांत होती. २०१७ सालीं झालेल्या दुरुस्तीनें ती काढून टाकण्यांत आली. त्यामुळें खासगी शेतांतील बांबू तोडण्यास व नेण्यास त्या कायद्याची आडकाठी राहिली नाहीं. तरीहि आपल्या बांधावरील बांबूची नोंद सातबाऱ्याच्या शेऱ्यांत करून घ्यावी. माल वनांतला नव्हे, हें दाखविण्यास ती उपयोगी पडते.

बांधावर किंवा नाल्याच्या कांठीं, जेथें पिकावर सावली पडत नाहीं अशा जागीं, सुमारें पांच मीटर अंतरानें मानवेलीचीं रोपें लावावींत. बेट वाढल्यावर दरवर्षीं पक्व काठ्याच काढाव्या; कोवळ्या राखाव्या, म्हणजे बेट टिकतें व नाल्याचा कांठहि ढासळत नाहीं. काठ्या गांवच्या बुरुडास वाजवी दरानें द्याव्या, आणि सूप-टोपलें घेतांना घासाघीस न करतां रोख दाम मोजावे. बुरुडानेंहि कांठाखालीं आपलें नांव घालावें. चांगलें सूप कोणाच्या हातचें, हें गिऱ्हाइकास कळूं द्या. पुढल्या वेळीं तो त्याच हाताचें मागेल.

आमच्या हातून तो शेरा गेला, तो परत घेतां येत नाहीं. या पावसाळ्यांत दहा रोपें बांधावर लावणें मात्र आपणां सर्वांच्या हातीं आहे.