कारखान्यासाठी श्राव्यातीत धुलाईयंत्राची निवड

हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीमध्ये एकमेकांना छेदणारी कित्येक भोके असतात. यंत्रकाम पूर्ण झाल्यावर त्या आडवळणी मार्गांत धातूचा बारीक कीस अडकून राहतो. भाग रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासला, वरून हवेचा झोत मारला, तरी तो सर्व निघतोच असे नाही. उरलेला एखादा कण तेलाबरोबर वाहत जाऊन स्पूल अडकवतो आणि तयार माल ग्राहकाकडून परत येतो. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या वसाहतींतील कारखानदारांना अशा तक्रारी अपरिचित नाहीत. यावर उपाय म्हणून श्राव्यातीत ध्वनीवर चालणारे मोठे धुलाईयंत्र घेण्याचा विचार पुढे येतो. हे यंत्र महागडे असल्याने त्याचे कार्य समजून घेऊनच मागणी नोंदविणे इष्ट ठरते.

टाकीच्या तळाला किंवा बाजूंना बसविलेले कंपक द्रवात सेकंदाला हजारो कंपने उत्पन्न करतात. त्यामुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन तत्क्षणी फुटतात. या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात. जहाजांच्या पंख्यांची झीज याच कारणाने होते, आणि बुडबुडा मिटताना उत्पन्न होणाऱ्या दाबाचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले होते. जी क्रिया पंख्याला घातक, तीच येथे मळ सोडविण्यासाठी राबविली जाते. ब्रश पोहोचत नाही तेथेही द्रव पोहोचतो, हे या पद्धतीचे खरे बळ. उलटपक्षी, सपाट व उघड्या भागांसाठी फवारा-धुलाईयंत्र पुरेसे असते. तेथे हा खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

कंप्रता २५ किलोहर्ट्‌झच्या आसपास असल्यास बुडबुडे मोठे व मारा जोरकस असतो. जड ओतीव भागांना ती मानवते. सर्वसाधारण यंत्रभागांसाठी ४० किलोहर्ट्‌झ योग्य. नाजूक किंवा चकचकीत अॅल्युमिनियमवर कमी कंप्रतेने खड्डे पडू शकतात, म्हणून तेथे ८० किंवा त्याहून अधिक कंप्रता पाहावी. एकाच स्थिर कंप्रतेवर टाकीत जोरकस व मंद असे थर तयार होतात. ४० किलोहर्ट्‌झला ते सुमारे १९ मिलिमीटर अंतराने येतात. कंप्रता किंचित मागेपुढे सरकविणारी ‘स्वीप’ सोय असल्यास हा दोष बराच कमी होतो. मोठ्या टाकीत ती असावीच.

शक्तीच्या आकड्याबाबत बरीच दिशाभूल होते. टेबलावरील लहान यंत्रात लिटरमागे २० ते ५० वॅट असतात, तर शेकडो लिटरच्या टाकीत साधारणपणे ५ ते १० वॅट पुरतात. १०० सेंटिमीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर द्रवाची उंची, अशी ४०० लिटरची टाकी घेतली, तर लिटरला ८ वॅटप्रमाणे ३.२ किलोवॅट श्राव्यातीत शक्ती लागेल. विक्रेत्याने सांगितलेल्या एकूण किलोवॅटमध्ये हीटरची शक्ती धरली आहे काय, हे आवर्जून विचारावे.

हीटरचा हिशेब तर पुष्कळदा राहूनच जातो. तेवढे पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सियसपर्यंत तापविण्यास सुमारे १६ युनिट वीज लागते. १२ किलोवॅटचा हीटर असूनही दीड तासाच्या आसपास वेळ जाणार. पहिली पाळी सुरू होण्यापूर्वी यंत्र चालू करणारा टायमर आणि उष्णता राखणारे झाकण ही चैन नव्हे. हीटर व कंपक मिळून १५ किलोवॅटवर भार जातो. वीजजोडणीची मंजूर क्षमता आधी तपासावी.

टाकीचा पत्रा स्टेनलेस स्टीलचा व जाड हवा, कारण तळाशी साठलेल्या किसाखाली तो लवकर खंगतो. गाळण व तेल वेगळे काढण्याची सोय त्याच कारणासाठी आवश्यक आहे. बुडविण्याच्या पेटीत बसविलेले कंपक घेतल्यास बिघाडाच्या वेळी तेवढी पेटी बदलता येते. भाग तळावर न ठेवता रुंद जाळीच्या टोपलीत, एकमेकांपासून सुटे ठेवावेत. बंद भोकांत हवा अडकल्यास तेथे धुलाईच होत नाही.

द्रव पाण्यातील डिटर्जंटचा असावा. रॉकेल किंवा पेट्रोल तापवून या टाकीत वापरणे म्हणजे आगीला आमंत्रण. ट्रायक्लोरोएथिलीन हा जुना द्रावक कर्करोगकारक ठरला आहे. तीव्र अल्कलीने अॅल्युमिनियम खाल्ले जाते. धुतल्यावर खळबळण्याची टाकी व गरम हवेचा वाळवणकक्ष नसेल, तर पोलादी भागावर काही तासांतच गंज दिसू लागतो. किंमत ठरविताना हे दोन्ही धरावेत. तेलमिश्रित सांडपाणी थेट गटारात सोडता येत नाही. कामगारांनी चालू टाकीत हात घालू नये. २५ किलोहर्ट्‌झचा ध्वनी ऐकू येत नसला तरी त्याबरोबर उठणारा कर्कश आवाज कानांना त्रासदायक असतो. झाकण व कर्णरक्षक हवेत.

मागणी नोंदविण्यापूर्वी स्वतःच्या कारखान्यातील खराखुरा मळका भाग, सर्वांत अडचणीच्या भोकाचा, विक्रेत्याकडे धुवून पाहावा. तो कापून किंवा आतून पांढऱ्या कापडाने पुसून निकाल तपासावा. यंत्र बसविल्यावर, द्रवातील विरघळलेली हवा काढून टाकल्यानंतर, अॅल्युमिनियमचा पातळ वर्ख अर्धा मिनिट उभा धरावा. सर्वत्र सारखी भोके पडली तर कंपक नीट काम करीत आहेत. तो वर्ख तारीख घालून जपून ठेवावा, म्हणजे सहा महिन्यांनी घेतलेल्या वर्खाशी तो ताडून पाहता येतो.