आकडे दहा लाख, मेमरी थोडकी

पायथन ही संगणकभाषा शिकण्यास सोपी. मात्र लाखो आकडे हाताळायची वेळ आली, की तिची नेहमीची 'लिस्ट' संगणकाची मेमरी भराभर व्यापू लागते. याचे कारण तिच्या रचनेत आहे. लिस्टमध्ये प्रत्यक्ष आकडा नसून त्याचा पत्ता साठवलेला असतो. ६४ बिटच्या संगणकावर हा पत्ता ८ बाइट, तर आकडा साधारणपणे २८ बाइट जागा घेतो. साहजिकच, दहा लाख वेगवेगळ्या आकड्यांना सुमारे ३६ मेगाबाइट लागतात.

यावर उपाय आहे 'नमपाय' या मोफत जोडसॉफ्टवेअरचा. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी 'न्यूमेरिक' व 'नमअ‍ॅरे' या जुन्या संचांचा मेळ घालून ते तयार केले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ मध्ये आली. पायथनसोबत मिळणाऱ्या 'पिप' या साधनाला एक आज्ञा दिली, की नमपाय इंटरनेटवरून उतरवून संगणकात बसवले जाते. त्याच्या 'अ‍ॅरे'मध्ये एकाच प्रकारचे आकडे सलग मांडले जातात. ३२ बिटचा प्रकार निवडल्यास तेच दहा लाख आकडे ४ मेगाबाइटमध्ये मावतात.

मात्र जागा वाचविण्याच्या नादात फार लहान प्रकार निवडणे महागात पडते. ८ बिटच्या प्रकारात उणे १२८ ते १२७ एवढेच आकडे बसतात. अशा अ‍ॅरेतील १२७ मध्ये तशाच दुसऱ्या अ‍ॅरेतील १ मिळविल्यास उत्तर उणे १२८ येते आणि चुकीची कोणतीही सूचना मिळत नाही. म्हणूनच हिशेबात येऊ शकणारा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा आधी पाहावा व मगच प्रकार ठरवावा.