पखवाज काय शिकवतो?

परभणी जिल्ह्यातील राणीसावरगाव हे गंगाखेड तालुक्यातले गाव. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. वारकरी भजन म्हटले की टाळ, वीणा आणि पखवाज आलेच. समजा, राणीसावरगावचा एखादा विद्यार्थी पखवाज शिकू लागला. त्याच्या स्वभावाला त्यातून काही वळण लागेल काय?

आधी वाद्य पाहू. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली, की मूळ स्वराबरोबर इतर उपस्वरही उमटतात. त्यांची कंपनसंख्या मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट अशी अपूर्णांकात असते. म्हणून नुसता धबधब आवाज येतो. पखवाजाच्या उजव्या पुडीवर मध्यभागी काळी शाई असते. तिच्या वजनामुळे हे उपस्वर जवळजवळ दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटींत येतात आणि नाद सुरेल होतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली सहकाऱ्यासह हे दाखवून दिले. डाव्या पुडीला ओली कणीक लावतात. त्यामुळे तिचा आवाज खर्जातला, घुमणारा होतो.

एवढ्या काटेकोर वाद्यावर बोट जरा भलतीकडे पडले, तरी बोल बिघडतो. गणिताची वही तपासून मिळायला दोन दिवस लागतात. पखवाज त्याच क्षणी निकाल देतो. तिथे सबब चालत नाही. हात पुन्हा नीट ठेवायचा आणि तोच बोल पुन्हा काढायचा. आपली चूक आपणच ऐकून सुधारण्याची सवय अशी लागते.

दुसरा धडा लयीचा. भजनी ठेका आठ मात्रांचा. नवशिक्याला उत्साहात घाई होते. एकटा असताना ते खपेल. पण भजनात टाळकरी आणि गाणारे त्याच्या हातावर विसंबून असतात. तो पळाला, की साऱ्यांची फरफट होते. म्हणून त्याला स्वतःला आवरावे लागते आणि इतरांचे ऐकावे लागते.

सरावाचा ठसा मेंदूवरही उमटतो. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांशी निगडित क्षेत्र अधिक विस्तारलेले असते, असे १९९५ साली जर्मनीतील संशोधकांना आढळले. लहानपणी शिकू लागलेल्यांत हा फरक अधिक होता. मात्र वाद्य शिकल्याने बुद्धी किंवा परीक्षेतले गुण हमखास वाढतात, असे सिद्ध झालेले नाही. जे रोज मन लावून करावे, तेच अंगवळणी पडते. घाईने, चुका झाकत वाजवले, तर घाईच मुरेल.

एक प्रयोग करून पाहा. दोऱ्याला खडा बांधून २५ सेंटिमीटर लांबीचा लंबक टांगा. त्याचे एक पूर्ण आंदोलन सुमारे एका सेकंदात होते. प्रत्येक आंदोलनाला एक टाळी द्या. लय बसली, की डोळे मिटून सोळा टाळ्या द्या. मित्राला तेवढ्या वेळातली आंदोलने मोजू द्या. ती सोळाहून कमी भरली, तर तुम्ही घाई केलीत. आठवडाभर रोज हा प्रयोग करा आणि फरक वहीत टिपा. तुमची वहीच तुम्हाला सांगेल, की धीर धरायला शिकता येते काय.