वाळूतला लोहचुंबक

कृष्णाकाठच्या मळ्याला पाणी पाजणारी विजेची मोटर उघडून पाहा. कायमचा लोहचुंबक तीत बहुधा सापडणार नाही. तारेच्या वेटोळ्यांतून वीज खेळली की तेवढ्यापुरते चुंबकत्व येते आणि पंप फिरतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, त्या सांगली मुलखाला पंपांचे अप्रूप ते काय!

परंतु गणपती पेठेतून आवाज न करता निघून जाणारी विजेची स्कूटर निराळी. तिच्या लहानशा मोटरीत बहुधा निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा लोहचुंबक असतो. १९८४ साली जपान व अमेरिका येथे तो पुढे आला. आकार लहान, ओढ मात्र जबरदस्त.

निओडिमियमच्या कुळाला 'दुर्मिळ मृदा' म्हणतात. नावावर जाऊ नका. पृथ्वीच्या कवचात तो शिशाहूनही अधिक आहे. आपल्याकडे तो केरळ किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत मिळतो. त्रावणकोरहून जर्मनीस गेलेल्या काथ्याला चिकटलेली ही वाळू १९०९ साली शोम्बर्ग या रसायनज्ञाने ओळखली. पुढे ती गॅसबत्तीच्या मेंटलसाठी परदेशी जाऊ लागली. स्वतंत्र भारताने १९५० साली 'इंडियन रेअर अर्थ्‌स' ही कंपनी काढली आणि १९५२ साली आलुवा येथे कारखाना सुरू झाला.

खरी कटकट पुढेच आहे. वाळू कॉस्टिक सोड्यात शिजवून तीतले किरणोत्सर्गी थोरियम आधी बाजूला काढावे लागते. मग उरतात एकमेकांसारखी दिसणारी भावंडे! ताक घुसळून लोणी काढावे तसे आम्लातले द्रावण घासलेट आणि एका विशिष्ट रसायनाबरोबर घुसळतात. गृहिणीचे काम एका घुसळणीत होते. येथे मात्र टाक्यांमागून टाक्या, शेकड्यांनी. दर टाकीत अंतर जरासेच वाढते. मिळालेल्या ऑक्साइडपासून वितळलेल्या क्षारात वीज सोडून धातू काढायचा, लोखंड-बोरॉनबरोबर वितळवायचा आणि पिठाहून बारीक दळायचा. हवा लागली तर हे पीठ फुलबाजीसारखे पेटते! चुंबकीय क्षेत्रात दाबून ते निर्वात भट्टीत भाजतात. मोटर तापली तरी चुंबकत्व टिकावे म्हणून त्यात डिस्प्रोशियमही घालतात.

वाळू आपली, घुसळण्याची विद्याही आपली. शेवटच्या पायऱ्यांवर मात्र चीन बसला आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याने डिस्प्रोशियमसारखी द्रव्ये व त्यांचे लोहचुंबक यांच्या निर्यातीला परवाना लावला, आणि त्याच वर्षी पुण्याच्या बजाज कंपनीला विजेच्या चेतकचे उत्पादन घटवावे लागले. विशाखापट्टणम येथे २०२३ साली राष्ट्रार्पण झालेला कारखाना समेरियम-कोबाल्टचे लोहचुंबक करतो. पण त्याची क्षमता वर्षाला ३,००० किलो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वर्षाला ६,००० टन लोहचुंबकांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.