व्हेसुव्हियसचे दप्तर

नेपल्सच्या आखातावर छाया टाकणाऱ्या व्हेसुव्हियसच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर एक टेकाड आहे. शिखरावरून उतरणारा शिलारस त्याला वळसा घालून दोन्ही अंगांच्या घळींतून खाली जातो, आणि केवळ या एका गुणामुळे त्याच्या माथ्यावर तांबड्या भिंतींची ती भारदस्त इमारत उभी राहिली. ज्वालामुखीवर नजर ठेवण्यासाठीच मुद्दाम बांधलेली जगातील पहिली वेधशाळा ती हीच.

ती बांधण्याचा हुकूम १८४१ मध्ये बूर्बाँ घराण्याचा राजा दुसरा फेर्दिनांद याने दिला. हा राजा प्रजेच्या राजकीय आकांक्षांना जितका विन्मुख, तितकाच आगगाडी, तारयंत्र असल्या नवलाईच्या वस्तूंना सन्मुख होता. वेधशाळेचा पहिला संचालक माचेदोनियो मेल्लोनी उष्णतेच्या किरणांवरील संशोधनामुळे युरोपभर नावाजलेला होता; परंतु उदारमतवादी म्हणून तो एकदा देशोधडीला लागलेला, आणि हुम्बोल्टसारख्या शास्त्रज्ञांनी रदबदली केली तेव्हा कुठे त्याला इटलीत परतण्याची परवानगी मिळालेली. १८४५ मध्ये इटालियन शास्त्रज्ञांच्या परिषदेसमोर इमारतीचे थाटात उद्घाटन झाले. आणि १८४८ ची राजकीय वावटळ उठताच, पुरती उपकरणेही बसली नव्हती अशा वेधशाळेतून मेल्लोनी बडतर्फ झाला. पर्वताचा रोष ओढवण्यापूर्वी दरबाराचा ओढवला. पुढे १८५४ मध्ये पर्वताच्या पायथ्याशीच, पोर्तिचीत, पटकीने त्याचे निधन झाले.

या रिकाम्या वास्तूला खरा धनी लाभला तो लुईजी पाल्मिएरी. १८५६ मध्ये त्याने सिद्ध केलेले भूकंपलेखक यंत्र म्हणजे, माझ्या मते, सबंध वेधशाळेचा प्राण होय. वाटीत पारा भरलेला, आणि त्याच्या पृष्ठभागापासून केसभर अंतरावर एका सर्पिल कमानीला टांगलेले धातूचे टोक. जमीन किंचित वरखाली हलली की टोक पाऱ्याला स्पर्श करी आणि विद्युत्‌मंडल पूर्ण होई. आडव्या धक्क्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना रोखलेल्या, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या पाऱ्याच्या नळ्या निराळ्या. मंडल पूर्ण होताच एक घड्याळ जागच्या जागी थांबून धक्क्याचा क्षण दाखवी, दुसरे चालू होऊन कागदाची पट्टी सरकवू लागे, आणि कंप चाले तोवर पेन्सिल त्या पट्टीवर खुणा करीत राही. माणूस झोपला असला तरी दप्तरात नोंद पडायची ती पडेच. उद्रेकाच्या आधी हे यंत्र अस्वस्थ होते, हे पाल्मिएरीच्या ध्यानात आले. आणि ज्वालामुखी न सांगता येतो या हजारो वर्षांच्या समजुतीला तेथे पहिला तडा गेला. त्याच्या यंत्राची कीर्ती एवढी पसरली की टोकियोच्या वेधशाळेनेही १८७५ पासून ते वापरात आणले.

यंत्र इशारा देते, परंतु कौतुकाने धावणाऱ्या माणसाला आवरीत नाही. २५ एप्रिल १८७२ च्या रात्री वाहत्या शिलारसाची शोभा पाहण्यासाठी नेपल्सहून हौशी मंडळी वर चढली होती. पहाटे पर्वताची कूस फाटली आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसह अनेकांचा तेथेच अंत झाला. शिलारसाचे लोट टेकाडाच्या दोन्ही बाजूंनी उतरू लागले, तरी वयाची पासष्टी गाठलेला पाल्मिएरी त्या बेटावर ठाण मांडून आपली टिपणे लिहीत राहिला.

१९०६ च्या एप्रिलातही हेच घडले. संचालक राफाएले मात्तेउच्ची जागा सोडीना, आणि त्याच्या सोबतीला फ्रँक पेरेट नावाचा एक अमेरिकन होता. एडिसनच्या हाताखाली काम केलेला हा विद्युत्‌तज्ज्ञ प्रकृतिस्वास्थ्यासाठी इटलीत आला आणि पर्वताच्या नादी लागला. एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला कसलीशी अखंड गुणगुण जाणवली. उशीवरून डोके उचलले की ती नाहीशी होई. तेव्हा त्याने पलंगाच्या लोखंडी गजावर वरचे दात टेकले, आणि पर्वताच्या पोटातली घरघर थेट कवटीत ऐकू येऊ लागली. लोखंडी पलंग आणि माणसाचे दात, एवढीच काय ती सामग्री! या उद्रेकात दोनशेहून अधिक माणसे दगावली, ती बहुतांशी शिलारसाने नव्हे, तर राखेच्या भाराने कोसळलेल्या छपरांखाली. सान जुझेप्पे या गावी तर प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमलेले लोकच गाडले गेले.

मात्तेउच्चीनंतर आलेला जुझेप्पे मेर्काल्ली, ज्याच्या नावाने भूकंपाच्या तीव्रतेची श्रेणी अद्याप ओळखली जाते, तो १९१४ मध्ये आपल्याच खोलीला लागलेल्या आगीत गेला. पुढे मार्च १९४४ मध्ये शेवटचा उद्रेक झाला तेव्हा वेधशाळेच्या बहुतेक खोल्या दोस्त सैन्याने ताब्यात घेतलेल्या होत्या, आणि उरल्यासुरल्या जागेत जुझेप्पे इंबो हा संचालक यंत्रे राखून होता. जवळच्या तळावरील अमेरिकेची सत्तराहून अधिक बाँबफेकी विमाने त्या राखेने आणि दगडांनी निकामी केली. सान सेबास्तियानो हे गाव १८७२ मध्ये पोळले होते, ते यावेळी बहुतांशी नष्ट झाले. आणि गावकऱ्यांनी ते पुन्हा तेथेच, थिजलेल्या शिलारसावर, बांधले.

हे वाचून आपल्याला हसू येईल, परंतु ज्या काळ्या पाषाणाचे आपले किल्ले आणि लेणी, तोही शिलारसच आहे. फरक एवढाच की तो निवून साडेसहा कोटी वर्षे लोटली. व्हेसुव्हियसचा शेतकरी ताज्या पाषाणावर राहतो. त्या मातीत द्राक्षे आणि जर्दाळू उत्तम येतात, बापजाद्यांची घरे तेथेच आहेत, आणि आपत्ती आलीच तर संत जेन्नारो आहे; १६३१ चा भीषण उद्रेक त्यानेच शमविला या श्रद्धेने दरसाल १६ डिसेंबरला त्याचे स्मरण होते. शासनाने ठरविलेल्या धोक्याच्या लाल पट्ट्यात आजमितीस सुमारे ७ लाख लोक आहेत. २००३ मध्ये तेथून बिऱ्हाड हलविणाऱ्यांना ३०,००० युरोंपर्यंत मदत देऊ केली गेली, तरी पट्टा काही रिकामा झाला नाही. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. मला ते जमत नाही, कारण ऐंशी वर्षे शांत असलेल्या शेजाऱ्याच्या भीतीने घर सोडण्याचे धैर्य माझ्यातही नाही.

जुनी इमारत आता संग्रहालय झाली असून पाल्मिएरीचे यंत्र तेथेच आहे. त्याचे काम मात्र नेपल्समधील फुओरीग्रोत्ता वस्तीतल्या एका कचेरीत चालते. तेथे व्हेसुव्हियसच्या अंगावर ठिकठिकाणी पेरलेल्या यंत्रांच्या रेषा रात्रंदिवस पडद्यांवर उमटत असतात आणि पाळीपाळीने माणसे त्या न्याहाळीत असतात. ही कचेरी ज्या भूमीवर उभी आहे ती काम्पी फ्लेग्रेई नावाच्या दुसऱ्याच एका ज्वालामुखीची. १९८२ ते १९८४ या काळात शेजारच्या पोत्सुओलीची जमीन जवळजवळ दोन मीटर वर उचलली गेली होती, आणि २००५ पासून ती पुन्हा चढत आहे. व्हेसुव्हियसच्या रेषा सरळ धावत असतात, तेव्हा पहाऱ्यावरच्या माणसाची खुर्ची अधूनमधून थरथरते, आणि तो व्हेसुव्हियसच्या पडद्यावरून नजर काढून शेजारच्या पडद्याकडे वळवितो.