यात हसायचं काय?

१९३३ साली जर्मनीत ‘व्हिक्टर उंड व्हिक्टोरिया’ हा गाण्यांचा विनोदी बोलपट निघाला. पोटासाठी एक मुलगी आपण पुरुष असल्याचे भासवते आणि तो ‘पुरुष’ रंगमंचावर स्त्री होऊन गातो! १९३५ मध्ये इंग्रजांनी त्यावरून ‘फर्स्ट अ गर्ल’ काढला. परभणीत आजीला मी ही गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, ‘‘यात हसायचं काय? आमच्या वेळी नाटकातल्या बाया पुरुषच असायच्या.’’

खरेच की! घरंदाज स्त्रिया ज्यांचे पाहून लुगडे नेसत, ते बालगंधर्व त्याच १९३५ मध्ये शांतारामबापूंच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ महाराज झाले, चक्क पुरुष! पुढे ‘साध्वी मीराबाई’त त्यांनी मीराही केली. पण ‘मानापमाना’तली जी भामिनी शेवटच्या रांगेतूनही दिसे, ती कॅमेऱ्याला काही दिसली नाही.